वाढलेली कंबर, पित्ताचा खडा आणि पित्ताशयाचा कॅन्सर: धोका नेमका किती आणि काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, स्त्री, उंची १५६ सेमी. तीन आठवड्यांपूर्वी वजन ७४ किलो, कंबर ९४ सेमी. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, रक्तदाब १३४/८६, शिवाय फॅटी लिव्हर. सोनोग्राफीत पित्ताशयात १४ मिमीचा एक खडा आणि ४ मिमीचा पॉलिप, म्हणजे भिंतीवरचा छोटा उंचवटा, दिसला. दुखणं काही नाही, घरात कुणाला हा कॅन्सर झालेला नाही. 'चयापचय बिघडलं की पित्ताशयाचा कॅन्सर होतो' असं कानावर आल्याने धास्तावून दिवसाला ८०० कॅलरींचा, जवळजवळ तेलविरहित आहार सुरू केला आणि वजन ६८ वर आलं. आता विचारणं असं की धोका किती, वजन उतरवून तो कमी होतो का, आणि पित्ताची पिशवी काढून टाकावी का.

बाकी सगळं नंतर, आधी आहाराचं. हा आहार असाच पुढे चालवू नका. ज्या भीतीपोटी तो सुरू केलात, त्या भीतीच्या मुळाशी असलेली गोष्ट, म्हणजे पित्तातले खडे, तो वाढवू शकतो. सहा किलोंमधला काही भाग पाण्याचा आहे, कारण पहिल्या दोन आठवड्यांत यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही जातं. पण तो वगळला तरी वेग जास्तच आहे. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन घटायला लागलं की खडे होण्याचं प्रमाण झपाट्याने चढतं. कारणं दोन. शरीरातली चरबी वेगाने वितळते तेव्हा तिच्यात साठलेलं कोलेस्टेरॉल यकृताकडे येतं आणि यकृत ते पित्तात टाकतं. दुसरं कारण साधं आहे आणि तेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पित्ताशय आकुंचन पावतं ते जेवणातल्या स्निग्ध पदार्थांमुळे. चरबी लहान आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते पिशवीला पिळतं. जेवणात चरबीच नसेल तर पिशवी भरलेलीच राहते, पित्त दाट होत जातं, तळाशी गाळ साचतो आणि त्या गाळाचे खडे होतात.

म्हणून निदान एका जेवणात एकाच वेळी १० ग्रॅम तरी स्निग्धांश असावा. दोन चहाचे चमचे तेल म्हणजे साधारण तेवढंच. दिवसभर थेंबथेंब तेल विखरून घेतलं तर पिशवी नीट रिकामी होत नाही, एका बैठकीत घेतलं तर होते. कॅलरी रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ५०० ने कमी ठेवल्या की आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरतं, तो वेग चांगला आहे. तुमच्या मूळ वजनाचे १० टक्के म्हणजे ७.४ किलो. सहा झालेत. आता दोन-तीन आठवडे ६८ वरच स्थिर राहा, मग पुढचे चार-पाच किलो तीन महिन्यांत उतरवा. आणि उतरलेलं वजन परत चढू देऊ नका. वजनाची वरखाली, म्हणजे उतरवायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा उतरवायचं, हीसुद्धा खड्यांसाठी स्वतंत्रपणे वाईट असते.

आता मूळ प्रश्न. चयापचयाचा पित्ताशयाशी संबंध येतो तो मुख्यतः पित्ताच्या रसायनातून. यकृत दिवसाला साधारण ६०० ते १००० मिली पित्त तयार करतं. पित्ताशय मात्र जेमतेम ३० ते ५० मिली मावेल एवढी पिशवी आहे, म्हणून ती पाणी शोषून घेऊन पित्त कित्येक पट दाट करते. या पित्तात कोलेस्टेरॉल विरघळलेलं राहतं ते पित्तक्षार आणि लेसिथिन यांच्या जोरावर. या तिघांचं प्रमाण बिघडलं की कोलेस्टेरॉल स्फटिकरूपात बाहेर पडतं.

प्रमाण बिघडवणारा मुख्य घटक म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं. शरीरात एक किलो चरबी जास्त असेल तर रोज सुमारे २० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल जास्त बनतं, आणि शरीराला ते बाहेर टाकायला पित्त हाच मोठा मार्ग आहे. यकृत इन्सुलिनला दाद देईनासं झालं की कोलेस्टेरॉल पित्तात ढकलणारे एबीसीजी५ आणि एबीसीजी८ हे वाहक जास्त कामाला लागतात. भरीस भर म्हणून पिशवीच्या भिंतीतही चरबी साठते आणि ती ढिली पडते. मधुमेह जुना असेल तर आतल्या नसांवर परिणाम होऊन आकुंचन आणखी मंदावतं. म्हणजे कोलेस्टेरॉल जास्त, पिशवी सुस्त आणि पित्त साचलेलं. फॅटी लिव्हर आणि पित्ताचे खडे एकाच माणसात इतक्यांदा एकत्र सापडतात ते यामुळेच. तुमच्या रिपोर्टमधला ४ मिमीचा पॉलिपसुद्धा बहुधा याच गोष्टीचा आणखी एक चेहरा आहे. इतके छोटे पॉलिप बहुतांश वेळा भिंतीच्या आतल्या अस्तराखाली साठलेल्या कोलेस्टेरॉलचे असतात, खऱ्या गाठीचे नसतात.

खड्यापासून कॅन्सरपर्यंतचा रस्ता लांब आहे. खडा वर्षानुवर्षं भिंतीला घासतो, पित्त साचतं, जंतू वाढतात, सूज कायमची होते. त्या सुजेत अस्तराच्या पेशी आपलं रूप बदलतात, मग त्यांत विकृती येते आणि पुढे काहींचा कॅन्सर होतो. टीपी५३ या जनुकातला बिघाड या वाटेवर बराच लवकर सापडतो. सर्वसाधारणपणे या प्रवासाला दहा-पंधरा वर्षं किंवा अधिक लागतात. खड्याविना चालणारी दुसरीही एक वाट आहे: रक्तात सतत चढं इन्सुलिन, आयजीएफ-१ सारखे वाढीचे संकेत, पोटातल्या चरबीतून सुटणारी इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फासारखी सूज आणणारी द्रव्यं, आणि कमी झालेलं अॅडिपोनेक्टिन, हे चरबीतूनच सुटणारं पण सूज रोखणारं संप्रेरक. यांच्यामुळे पेशींची वाढ आणि मरण यांचा तोल ढळतो. पित्ताशयाच्या बाबतीत या दोहोंत खड्याची वाट ठळक आहे. पित्ताशयाच्या कॅन्सरच्या बहुसंख्य रुग्णांत, साधारण ७० ते ९० टक्क्यांत, खडे सापडतात.

हाच आकडा उलट्या बाजूने वाचला की लोक घाबरतात. कॅन्सर झालेल्यांपैकी बहुतेकांना खडे असतात, पण खडे असलेल्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर होत नाही. खडे असलेल्या शंभर जणांत पुढे कॅन्सर होणारे वेगवेगळ्या अभ्यासांत अर्ध्यापासून तीनपर्यंत निघतात. लठ्ठपणाचं म्हणाल तर आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१६ साली ज्या १३ कॅन्सरांशी त्याचा संबंध पुरेशा पुराव्याने जोडला, त्यांत पित्ताशय आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) पाच अंकांनी वाढला की धोका सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. मधुमेहींमध्ये तो साधारण दीडपट दिसतो. '२५ टक्के जास्त' ऐकायला भयंकर वाटतं, म्हणून हिशेब मांडून पाहा: समजा एखाद्या गटातल्या हजारांपैकी १० जणांना हा आजार होणार आहे. २५ टक्के वाढ म्हणजे ते १२ किंवा १३ होतील. हजारातले ९८७ तरीही सुटतात. जगभरात २०२२ साली या कॅन्सरचे सुमारे १ लाख २२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. एकूण कॅन्सरांच्या तुलनेत ही संख्या लहान आहे. मग एवढं जपायचं कशाला? कारण तो सापडतो उशिरा, आणि उशिरा सापडल्यावर हातात फार थोडं उरतं. त्याच वर्षी या आजाराचे मृत्यू सुमारे ८९ हजार होते.

धोका सगळ्यांना सारखा नाही. स्त्रियांत तो पुरुषांच्या दोन ते तीन पट, कारण इस्ट्रोजेन पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं आणि गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन पिशवीला सुस्त करतं. भौगोलिक फरक तर विलक्षण आहेत: चिली, बोलिव्हिया आणि उत्तर व ईशान्य भारत, विशेषतः गंगेचं खोरं, इथे प्रमाण जगात सर्वाधिक गणलं जातं, तर दक्षिण आणि पश्चिम भारतात ते बरंच कमी आहे. तुम्ही किंवा तुमचं घराणं मूळचं त्या भागातलं असेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगा, निर्णय बदलू शकतो. टायफॉइडचे जंतू पिशवीत कायम वस्ती करून असणं आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका जन्मतःच वेड्यावाकड्या जागी जोडलेली असणं, हेही मोठे धोके. त्यांचा वजनाशी संबंध नाही, त्यामुळे सडपातळ माणसाने निर्धास्त राहावं असं नाही.

तुमच्या आकड्यांकडे येऊ. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे एकत्र आलेले चयापचयाचे बिघाड, ठरवायचे निकष पाच: कंबर आशियाई स्त्रियांत ८० सेमी किंवा जास्त, पुरुषांत ९० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल स्त्रियांत ५० च्या खाली, पुरुषांत ४० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यांतले तीन जुळले तरी पुरे असतात, तुमचे पाचही जुळतात. हे मी पित्ताशयापेक्षाही हृदयासाठी आणि यकृतासाठी जास्त गांभीर्याने घेईन, कारण त्या दोन्हीकडचा धोका पित्ताशयाच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी मोठा आहे. सुदैवाने उपाय एकच आहे, आहार-व्यायामाचा, तिन्हींना लागू पडणारा.

कंबर मात्र नीट मोजा. चुकीच्या जागी टेप लावल्याने चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. उभं राहून, शेवटच्या फासळीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, जमिनीला समांतर ठेवा, श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही आणि कापडावरून मोजायचं नाही. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी. वजनकाट्यापेक्षा हा आकडा तुम्हाला जास्त खरं सांगेल.

व्यायामाचा वाटा वजनापलीकडचा आहे. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची गरज घटते, आतड्यांची आणि पित्ताशयाची हालचाल सुधारते. पुरुषांवरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा १९९८ मधला अंदाज असा होता की आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं दम लागेल असा व्यायाम केला तर त्रास देणाऱ्या खड्यांची ३४ टक्के प्रकरणं टळू शकतील. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं आणि दोन दिवस वजनं किंवा स्नायूंचे व्यायाम एवढं ठरवून घ्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ७ टक्के वजनघट आणि १५० मिनिटं व्यायाम हेच ध्येय ठेवलं होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण त्याने ५८ टक्क्यांनी घटलं. जेवणात मैदा, साखर, गोड पेयं कमी, तंतू जास्त, डाळी-कडधान्यं आणि सुकामेवा नियमित. जेवण चुकवू नका. रात्रभराच्या उपासावर सकाळचंही टाळलं तर पित्त पंधरा-सोळा तास पिशवीत साचून राहतं. अधूनमधून उपास करण्याची जी पद्धत लोकप्रिय आहे, ती आधीच खडा असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधांबाबत चार गोष्टी सांगायला हव्यात, कारण इथे चांगल्या हेतूने चुका होतात. तुमचं ट्रायग्लिसराइड २१० बघून कुणी फेनोफायब्रेट लिहून दिलं तर आपल्याला खडा असल्याचं आधी सांगा. फायब्रेट गटातली औषधं पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतात, पित्ताशयाचा आजार असलेल्याला ती द्यायची नसतात, आणि २१० साठी त्यांची गरजही क्वचितच पडते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा त्यांचा खरा विचार होतो. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड ही वजन आणि साखर उतरवणारी इंजेक्शनं उत्तम काम करतात, पण पित्ताशयाचं रिकामं होणं मंदावतात. पित्ताशयाच्या तक्रारी त्यांच्यामुळे वाढतात, आणि मात्रा जास्त व वापर दीर्घ असेल तर अधिक वाढतात. घ्यायची वेळ आलीच तर मात्रा सावकाश वाढवा आणि उजव्या बाजूला दुखलं तर लगेच कळवा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या पित्ताच्या दृष्टीने चांगल्या नाहीत. मासिक पाळी थांबण्याच्या काळात उपचार हवाच असेल तर त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल विचारा. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन मात्र हृदयासाठी लागत असेल तर बिनधास्त घ्या, ते पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवत नाही. मेटफॉर्मिन आणि अॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा कॅन्सर कमी दिसल्याचे काही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, पण केवळ त्या आशेवर ती औषधं घेण्यात अर्थ नाही.

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया हा वेगळा विषय, पण खड्यांमुळे इथे येतोच. पोटाच्या अशा शस्त्रक्रियेनंतर काहीच खबरदारी घेतली नाही तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना सहा महिन्यांत नवे खडे होतात. म्हणून पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे खडे रोखणारं औषध रोज ५०० ते ६०० मिलिग्रॅम देण्याची पद्धत आहे आणि ती फायद्याची ठरली आहे.

आता सोनोग्राफी. लोक रिपोर्टमध्ये खड्याचा आकार शोधतात, मी आधी भिंत बघतो. १४ मिमीचा खडा स्वतःहून फार काही सांगत नाही. ३ सेमीपेक्षा मोठा खडा असेल तर १ सेमीपेक्षा लहान खड्याच्या तुलनेत कॅन्सरचा धोका सुमारे दहापट निघाला आहे, आणि २ ते ३ सेमीच्या खड्यात अडीचपटीच्या आसपास. तुमचा खडा त्या दोन्हींच्या खाली आहे. पण भिंत एका जागी जाड झाली असेल, तिचे थर पुसल्यासारखे दिसत असतील, यकृताशी असलेली तिची सीमा अस्पष्ट झाली असेल, तर खडा केवढा आहे याला महत्त्व उरत नाही. भिंत सर्वसाधारणपणे ३ मिमीपर्यंत असते. खाऊन गेलात तर आकुंचन पावलेल्या पिशवीची भिंत जाड भासते, म्हणून तपासणीपूर्वी ६ ते ८ तास काही खाऊ नका. पाणी चालतं. भिंतीच्या जाडीची नोंद एकसारखी करता यावी म्हणून अलीकडे जीबी-रॅड्स नावाची शून्य ते पाच अशी श्रेणी आली आहे. रिपोर्टमध्ये ती असेल तर ३ म्हणजे संशय मध्यम, पुढची तपासणी हवी. ४ आणि ५ म्हणजे थांबायचं नाही.

पुढच्या सोनोग्राफीत डॉक्टरांना या गोष्टी लिहायला सांगा: सर्वांत मोठा खडा केवढा, कूस बदलल्यावर तो हलतो का, मागे सावली पडते का, पॉलिपचा आकार मिमीत, तो देठावर आहे की रुंद बुडाचा, भिंत सर्वांत जाड कुठे आणि किती, तळ आणि मान दोन्ही पूर्ण दिसले का, आणि मुख्य पित्तनलिकेची रुंदी किती. कूस बदलून पाहणं महत्त्वाचं आहे. चिकटून बसलेला छोटा खडा पॉलिपसारखा दिसतो आणि गाळाचा गोळा गाठीसारखा. आणखी एक अडचण इथे चयापचयाचीच आहे: पोटावर चरबीचा जाड थर आणि फॅटी लिव्हर या दोन्हींमुळे ध्वनिलहरी विखुरतात आणि चित्र धूसर होतं. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांचीच सोनोग्राफी कमी स्पष्ट. पिशवी खड्यांनी गच्च भरून आकसलेली असेल तर पुढच्या कडेच्या सावलीत मागची भिंत दिसतच नाही. अशा वेळी 'खडे आहेत, बाकी ठीक' या शेऱ्यावर विसंबू नये, सीटी किंवा एमआरआय करून भिंत बघावी.

पॉलिपचे नियम युरोपीय तज्ज्ञ संघटनांनी २०२२ मध्ये सुधारले. १० मिमी किंवा मोठा असेल तर पिशवी काढा. ६ ते ९ मिमीचा असेल आणि जोडीला धोक्याचं एखादं कारण असेल, जसं वय ६० च्या पुढे, पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार, आशियाई वंश, रुंद बुडाचा पॉलिप किंवा ४ मिमीहून जाड झालेली आजूबाजूची भिंत, तरीही काढा. ५ मिमी किंवा लहान पॉलिप असेल आणि असं कारण असेल तर सहा महिन्यांनी, एका वर्षाने आणि दोन वर्षांनी पुन्हा बघा. तुम्ही या शेवटच्या गटात बसता. या दोन वर्षांत तो २ मिमी किंवा त्याहून जास्त वाढला तर शल्यविशारदांशी पुन्हा बसावं. दोन वर्षांत वाढला नाही तर पाठपुरावा थांबवता येतो. मोजणाऱ्याचा हात आणि यंत्र बदललं की एक-दीड मिमीचा फरक सहज येतो, म्हणून शक्यतो त्याच ठिकाणी तपासून घ्या आणि जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म बरोबर न्या.

पिशवी काढायची का? आत्ता घाईने नाही, असं माझं मत. त्रास न देणाऱ्या खड्यांपैकी वर्षाला साधारण १ ते २ टक्केच त्रास द्यायला लागतात. शस्त्रक्रिया सोपी झाली असली तरी पित्तनलिकेला इजा होण्याची छोटी पण गंभीर शक्यता असतेच. बहुतेक देशांत त्रासाशिवायच्या खड्यासाठी सरसकट शस्त्रक्रिया करत नाहीत. चिलीमध्ये हा कॅन्सर इतका जास्त आहे की तिथल्या सरकारने २००६ पासून ३५ ते ४९ वयोगटातल्या, खडे असलेल्या लोकांना पिशवी काढण्याची हमी कायद्याने दिली. म्हणजे तोच खडा, तोच माणूस, पण प्रदेश वेगळा तर उत्तर वेगळं असू शकतं. तुमच्या बाबतीत निर्णय बदलेल तो असा: खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली अर्धा तास ते काही तास टिकणारी कळ सुरू झाली, खडा ३ सेमीकडे गेला, पॉलिप वाढला, भिंत एका जागी जाड झाली किंवा तिच्यात चुना साठल्याचं दिसलं, किंवा नलिकांची जन्मजात विकृती सापडली. चुना साठलेल्या पिशवीत, जिला पोर्सिलेन पित्ताशय म्हणतात, कॅन्सरचं प्रमाण पूर्वी फार मोठं मानायचे. नव्या आकडेवारीत ते काही टक्क्यांपर्यंतच येतं, पण तेवढंही काढण्याचा विचार करायला पुरेसं आहे.

आणि काढायची वेळ आलीच तर एक गोष्ट कधीही सोडू नका: काढलेली पिशवी पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे. खड्यांसाठी काढलेल्या पिशव्यांपैकी थोड्यांत, साधारण दोनशेंत एक-दोन, अनपेक्षित कॅन्सर निघतो. पिशवी शस्त्रक्रियागृहातच उघडून आतलं अस्तर नजरेखालून घालावं आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं. पित्ताशयाच्या भिंतीत इतर अवयवांसारखा अस्तराखालचा स्वतंत्र मऊ थर नसतो आणि यकृताला चिकटलेल्या बाजूला बाहेरचं आवरणही नसतं. त्यामुळे गाठ थोडी खोल गेली की थेट यकृतात शिरते. कॅन्सर अस्तरापुरता असेल, ज्याला टी१ए म्हणतात, तर पिशवी काढणं एवढाच उपचार पुरतो आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. स्नायूच्या थरात गेला असेल, म्हणजे टी१बी किंवा पुढे, तर यकृताचा लगतचा भाग आणि लसिकाग्रंथी काढणारी दुसरी शस्त्रक्रिया लागते. या दोन अवस्थांमध्ये अंतर मिलिमीटरांचं आहे, आणि रिपोर्टच न पाहिल्याने ते कळत नाही. टाके काढायला जाल तेव्हा पॅथॉलॉजीचा कागद हातात घेऊन वाचा. शस्त्रक्रियेआधीच कॅन्सरचा संशय असेल तर दुर्बिणीने साधी पिशवी काढण्याची घाई करू नये: पिशवी फाटून पित्त पोटात सांडलं तर पेशी पसरतात. असा रुग्ण यकृत-पित्तमार्गाच्या अनुभवी पथकाकडेच जावा, आणि गाठ काढता येण्याजोगी असेल तर आधी सुई घालून तुकडा घेण्याचा आग्रह धरू नये.

खडा विरघळवण्याबद्दल. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाने विरघळतात ते छोटे, शुद्ध कोलेस्टेरॉलचे, चुना नसलेले खडे, तेही पिशवी नीट काम करत असेल तर आणि सहा महिने ते दोन वर्षं औषध घेतलं तर. पाच वर्षांत निम्म्या लोकांना ते परत होतात. १४ मिमीच्या खड्यासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. भरपूर तेल आणि लिंबाचा रस पिऊन 'खडे पाडण्याचा' प्रयोग तर करूच नका. दुसऱ्या दिवशी शौचातून पडणारे हिरवट मऊ गोळे हे पचनरसांनी त्याच तेलापासून बनवलेले साबणासारखे गोळे असतात. खरा खडा मात्र पिशवीत तसाच राहतो, आणि एवढ्या तेलाने पिशवी जोरात आवळली गेली तर छोटा खडा नलिकेत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज येऊ शकते. सीए १९-९ ही रक्ततपासणी भीतीपोटी करून घेऊ नका. साध्या काविळीत आणि नलिकेच्या सुजेतही ती चढते, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा चढतच नाही. त्रास नसताना कॅन्सर शोधायची चाचणी म्हणून तिचा उपयोग नाही.

पिशवी काढली तरी फॅटी लिव्हर, साखर आणि कंबर आहे तिथेच राहतात, त्यामुळे आहार-व्यायामाचं काम शस्त्रक्रियेनंतरही तेवढंच उरतं.

तपासण्यांचं वेळापत्रक असं ठेवा: तीन महिन्यांनी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड-एचडीएल आणि यकृताची एएसटी-एएलटी, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. वजन स्थिर असताना केलेली सोनोग्राफी जास्त बोलकी ठरते, ऐन वेगाने वजन घटत असतानाची फसवू शकते, कारण त्या काळातला तात्पुरता गाळही गाठीसारखा वाटतो.

एक सापळा तुमच्यासारख्यांसाठी खास आहे. ठरवून वजन घटवणाऱ्याला, किंवा साखरेचं नवं औषध सुरू केलेल्याला, आजाराने घटणारं वजन ओळखू येत नाही. 'आहाराचा गुण आला' म्हणून घरचेही खूश असतात. खाणं ठरल्याप्रमाणेच आहे, आहार सैल केला, तरीही महिन्याला दोन-तीन किलो उतरतच आहेत, भूक मेली आहे, उजव्या बरगडीखाली दुखणं आता येऊन-जाऊन नसून सतत जड वाटतं, अंगाला खाज सुटते, लघवी गडद किंवा शौचाचा रंग फिका झाला, डोळे पिवळे दिसले, तर ठरलेल्या सोनोग्राफीची वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं. डोळे पिवळे असतील किंवा थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी.